मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये 'झिंक फिंगर' जीन, बाबांना एमएनडी, अर्जंट

सायली_क
बाबांना एमएनडी आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू मरतात तो आजार, त्यातलाच एएलएस म्हणालेत. जीन टेस्टमध्ये झेडएनएफ५१२बी आलंय, पुढे लिहिलंय झिंक फिंगर प्रोटीन, रिस्क वाढलेली. गूगल करून करून डोकं भणभणलंय. ह्यावर औषध आहे का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली आहे, तेवढं थांबणं शक्य नाही. प्लीज लगेच सांगा.

तळेगावकर
वय काय? सुरुवात हातातून, पायातून की बोलण्यातून? ईएमजी, म्हणजे स्नायूंची विजेची तपासणी, झाली का? विचारतोय कारण माझ्या भाच्याचा हात विसाव्या वर्षी बारीक व्हायला लागला, सगळ्यांनी एमएनडी म्हणून घाबरवलं आणि निघाला हिरायामा, म्हणजे तरुणपणी हात बारीक होतो पण पुढे थांबतो तो आजार. मानेला कॉलर लावली, आता चार वर्षं जैसे थे आहे, बँकेत नोकरी करतो.

सायली_क
६३. ईएमजी वगैरे सगळं झालंय, रिल्युझोल हे एएलएसचं औषध चालू आहे. माझा प्रश्न जीनचा आहे.

आप्पा_बेळगाव
नावातच झिंक आहे ना ताई, म्हणजे शरीरात झिंक कमी पडतंय. रोज एक गोळी आणि भोपळ्याच्या बिया सुरू करा, नुकसान तर काही नाही.

सूक्ष्मदर्शी
नुकसान आहे आप्पा. झिंक फिंगर म्हणजे प्रोटीनचा एक छोटा भाग झिंकच्या अणूभोवती बोटासारखा दुमडलेला असतो, अशी बोटं बरेचदा डीएनए पकडतात, अशी प्रोटीन्स आपल्यात शेकड्यांनी आहेत. गोळ्यांनी ती सुधारत नाहीत. उलट जास्त झिंक घेतलं की तांबं कमी होतं आणि त्याने मज्जारज्जूला इजा होते, इथे तेच नकोय.
सायली, सोड१ आणि सी९ओआरएफ७२ ह्या एएलएसला खरंच कारण ठरणाऱ्या जीन्सचं काय आलं? टेस्ट हॉस्पिटलमधून केली की घरी किट मागवून?

सायली_क
किट, थुंकी पाठवायची असते ती. ती दोन नावं त्यात नाहीत. आणि एक सांगायचं राहिलं, रिपोर्ट बाबांचा नाहीये, भावाचा आहे. ३१ वर्षांचा, एकदम धडधाकट. मार्गशीर्षात लग्न आहे, रिपोर्ट आल्यापासून म्हणतोय मोडून टाकतो, तिला का फसवू, आणि आई नुसती रडते.

सूक्ष्मदर्शी
अगं मग हे आधी सांगायचंस! ह्या जीनमधला आरएस२२७५२९४ हा बदल जपानी लोकांच्या अभ्यासात २०११ साली पुढे आला. हे प्रोटीन टीजीएफ-बीटा नावाच्या संदेशयंत्रणेला जोर देतं, ती मोटर न्यूरॉनच्या बचावाच्या कामाची आहे, आणि त्या बदलाने जीनची स्वतःची कळ जरा ढिली पडते. पण रिस्क वाढते ती साधारण १.३ पट. आयुष्यभरात चारशेत एकाला होणारा आजार धरला तर चारशेत सव्वा-दीड. हा बदल खूपशा निरोगी लोकांत असतो, चीनमधल्या अभ्यासांचे निकाल तर एकमेकांशी जुळतही नाहीत. ह्याच्यावर लग्न मोडायचं काहीच कारण नाही.
खरी तपासणी बाबांची करा. सोड१ निघाला तर टोफर्सेन हे औषध आहे, अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालंय. सी९ओआरएफ७२ मधला बदल साध्या एक्झोम टेस्टमध्ये (जीन्सचे प्रोटीन बनवणारे भाग वाचणारी टेस्ट) दिसत नाही, वेगळं सांगावं लागतं. त्यातलं काही सापडलं तर मगच भावाचा विचार, आणि तोही जेनेटिक काउन्सेलरशी बोलून.

गोदाकाठ
स्टेम सेलचं कोणी बोलतच नाहीये. आमच्या ओळखीत एकांनी पाच लाखांत केलं, बोटं हलायला लागली म्हणे.

सूक्ष्मदर्शी
"म्हणे" वर पाच लाख? ट्रायलबाहेर ह्या आजाराला स्टेम सेल द्यायला आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) नियमावलीत परवानगीच नाही.

आप्पा_बेळगाव
तुम्हाला सगळंच चुकीचं वाटतं. माणूस आशेवर जगतो.

निशिगंधा८
भांडू नका, ती पोरगी घाबरलीये. सायली, माझ्या आईला हाच आजार होता. आम्ही वर्षभर जीन-जीन करत बसलो आणि तिचा श्वास कमी होतोय हे कळलंच नाही. बाबांचं वजन किती उतरलं? पाणी पिताना ठसका लागतो का? सकाळी डोकं दुखतं का? आडवं झोपल्यावर धाप लागते?

सायली_क
वजन चार महिन्यांत ८ किलो. ठसका लागतो, चहाला जास्त. डोकं दुखतं रोज सकाळी, आम्ही पित्त समजत होतो. झोपतात खुर्चीतच.

निशिगंधा८
महिनाभर थांबू नकोस. आजच डॉक्टरांना फोन करून हे चारही जसंच्या तसं सांग. छातीच्या डॉक्टरकडे एफव्हीसी, म्हणजे श्वासाची ताकद मोजायची टेस्ट, करून घ्या आणि बायपॅप, म्हणजे मास्क लावून श्वासाला मदत करणारं मशीन, लागेल का विचारा. जेवण देण्यासाठी पोटात नळी घालायची असेल तर श्वास फार खालावायच्या आत घालतात. ठसका लागू नये म्हणून चहा जरा घट्ट करून दे, घट्ट करायची पावडर मेडिकलमध्ये मिळते.

सायली_क
भाऊ गाडी काढतोय, आत्ताच निघतोय.