टॉरेंट लावलं की नेट रखडतं, त्यावर प्लॅन वाढवणं हा उपाय नव्हे

वायरमन

परवाच्या धाग्यावर कोकणचा_फणस यांनी लिहिलं होतं: ‘टॉरेंट चालू असताना व्हिडिओ कॉल तुटतात, याला उपाय दोनच. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करा, नाहीतर टॉरेंट बंद ठेवा. राउटरच्या सेटिंगमध्ये डोकं घालणं म्हणजे वेळ फुकट.’ त्याखाली ‘सहमत’ची रांग लागली. चुकीच्या सल्ल्यामुळे लोक दरमहा जास्त पैसे भरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मोजा. दोन खिडक्यांत दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो हे मोजणारे छोटे संदेश) चालू ठेवा, एक राउटरला (बहुतेक घरी १९२.१६८.१.१) आणि दुसरा बाहेरच्या १.१.१.१ या सर्व्हरला. मग टॉरेंट सुरू करा. राउटरचा पिंग १-२ मिलिसेकंदांवरच राहिला आणि बाहेरचा १० वरून ४०० वर गेला, तर रांग राउटरच्या पुढे, बाहेरच्या लाइनवर लागली आहे. दोन्ही वाढले तर दोष वायफायचा किंवा राउटरच्या प्रोसेसरचा. दोन्ही स्थिर आहेत पण नवीन पानं उघडत नाहीत, तर नॅट टेबल (सगळं घर बाहेरच्या एकाच पत्त्यावर चालवताना राउटर ठेवतो ती जोडण्यांची नोंदवही) भरलं असण्याची शक्यता मोठी. चालू पिंगची नोंद टेबलात आधीच असते, नव्या जोडणीला मात्र जागा मिळत नाही.

बहुतेक घरांत पहिला प्रकार असतो आणि त्याचं मूळ अपलोडमध्ये असतं. टॉरेंटमध्ये लोक एकमेकांच्या संगणकांतून फाइलचे तुकडे घेतात, म्हणून तो घेतो तसा देतोही. अपलोड गच्च भरलं की तुमच्या प्रत्येक डाउनलोडची पोच त्याच रांगेत अडकते. पोच उशिरा गेली की समोरचा पुढचा डेटा उशिरा पाठवतो. म्हणून १०० च्या लाइनवर १५ मिळतात आणि दोष प्लॅनला जातो.

क्यूबिटटॉरेंटमध्ये (टॉरेंट उतरवणारं ॲप, म्हणजे क्लायंट) ऑप्शन्स, स्पीड इथे जा. मोजलेल्या अपलोडच्या ७५ टक्के आकडा टाका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि हा रकाना किबीबाइटमध्ये, हे विसरू नका. अपलोड ४० एमबीपीएस असेल तर ३० एमबीपीएस म्हणजे साधारण ३६६० भरायचे. लोक ३०००० भरतात आणि ‘मर्यादा घालून फरक पडला नाही’ म्हणतात. तिथेच यूटीपीला (टॉरेंटची स्वतःची वाहतूक पद्धत) आणि ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडला (डेटासोबत जाणारा जादा भार) मर्यादा लागू करण्याच्या खुणा आहेत, दोन्ही चालू ठेवा. एकूण जोडण्या ५०० वरून २०० वर आणा, एका टॉरेंटला १०० ऐवजी ५०.

कोकणचा_फणस

माझं वाक्य उचललंत, आता उत्तरही वाचा. अपलोडवर मर्यादा घातली तरी डाउनलोड १०० च्या १०० भरतोच. ती रांग तुमच्या घरात लागत नाही, कंपनीच्या बाजूला लागते. तिथे तुमची ३६६० काय करणार? ३०० ची लाइन एकट्या टॉरेंटने भरायला तेवढे वेगवान सीडर (पूर्ण फाइल देणारे) लागतात, ते रोज नसतात. शिवाय घरातल्या बाकीच्यांना पिंगच्या खिडक्या उघडायच्या नसतात, त्यांना कॉल हवा असतो. माझा सल्ला त्यांच्यासाठी होता.

रातराणी

डाउनलोडच्या रांगेबद्दल फणस यांचं बरोबर आहे. पण ती रांग आपल्या ताब्यात आणता येते, त्यासाठीच एसक्यूएम (राउटरमधली रांग सांभाळणारी सोय) आहे. ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) असलेल्या राउटरवर लुसी-ॲप-एसक्यूएम हे पॅकेज टाका आणि वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाइनचा, इंटरफेस निवडा (नाव-पासवर्डने जोडणारी पीपीपीओई लाइन असेल तर पीपीपीओई-वॅन). डाउनलोड ८५०००, अपलोड मोजलेल्याच्या ९० टक्के, आकडे किलोबिटमध्ये. रांगेचा प्रकार केक (रांग लावणारा अल्गोरिदम), ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचा जादा भार, बाइटमध्ये) ४४. वेग जाणूनबुजून लाइनपेक्षा कमी ठेवल्यामुळे रांग कंपनीकडे न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि केक ती छोटी ठेवतो. शंभर पिअर (टॉरेंटमधले समोरचे संगणक) एकदम पाठवत असतील तर ८५ ऐवजी ८० टक्के ठेवा.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. नुसता एफक्यू-कोडेल (केकसारखाच, पण साधा अल्गोरिदम) प्रत्येक प्रवाहाला समान वाटा देतो. टॉरेंटचे साठ प्रवाह आणि मुलांच्या व्हिडिओचा एक, म्हणजे वाटणी साठास एक. कॉल बारीक असतो, तो निसटतो, व्हिडिओ मात्र मार खातो. केकच्या प्रगत पर्यायांत इनग्रेसला (येणाऱ्या डेटाला) ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’ आणि इग्रेसला (जाणाऱ्या डेटाला) ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ लिहा. मग वाटणी आधी यंत्रांमध्ये होते. ‘नॅट’ हा शब्द राहिला तर केकला सगळं घर एकच यंत्र दिसतं.

जुना_मोडेम

एसक्यूएमची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. यूटीपी मुळात सभ्य आहे. त्याचा वेग ठरवणाऱ्या लेडबॅटच्या नियमाने (इंटरनेटचं मानक आरएफसी ६८१७, २०१२) रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांकडे जाऊ लागला की तो आपणहून मागे सरतो. एसक्यूएममधल्या कोडेलचं लक्ष्य ५ मिलिसेकंदांचं. उशीर वाढतच नाही, म्हणून यूटीपीला वाटतं रस्ता मोकळा आहे आणि तो साध्या टीसीपीसारखा (नेटवरची नेहमीची वाहतूक पद्धत) वाटा मागू लागतो. म्हणजे सभ्य पाहुण्याला तुम्हीच दांडगाई शिकवलीत. आणि एसक्यूएम लावलं की हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरला वगळून पॅकेट पुढे पाठवणं) बंद करावं लागतं. सिंगल कोर ५८० मेगाहर्ट्झच्या राउटरला १०० एमबीपीएसवर केक पेलत नाही. प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो आणि पिंग पुन्हा वाढतो.

वायरमन

प्रोसेसरचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. लेडबॅटबद्दल मात्र अर्धंच सांगताय. डाउनलोडमध्ये मागे सरायचं की नाही हे पाठवणारा ठरवतो, तुमचा क्लायंट नाही. समोरचे पिअर टीसीपीवर असतील तर तुमच्या यूटीपीची सभ्यता कुणाच्या कामाची? आणि १०० मिलिसेकंदांचा उशीर ‘सभ्य’ कसा? गेम खेळणाऱ्याला विचारा.

शेवग्याची_शेंग

एवढ्या सगळ्यात पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांसाठी राउटरमध्ये वाट उघडणं) कुणीच सांगितलं नाही. पोर्ट उघडला की क्लायंटची धडपड कमी होते, नेट आपोआप हलकं होतं.

रातराणी

कृपा करून हा सल्ला देऊ नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ती पद्धत) मागे आहात आणि तुमचं फॉरवर्डिंग कंपनीच्या दारातच थांबतं. पोर्ट उघडला तरी जोडण्या कमी होत नाहीत, उलट येणाऱ्यांची भर पडते.

शेवग्याची_शेंग

सगळ्यांकडे सीजीनॅट आहे हे गृहीत धरून बोलताय. स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घेणारेही इथे आहेत. उगाच दटावू नका.

जुना_मोडेम

दटावत नाहीये ती, आणि सीजीनॅटचा संबंध मूळ प्रश्नाशीच आहे. कंपनी अनेकदा एका ग्राहकाला ठराविक पोर्टचा (जोडण्यांसाठीच्या क्रमांकांचा) गठ्ठा देते. डीएचटी (पिअर शोधण्याची सोय) आणि शेकडो पिअर मिळून तो संपवतात. मग तुमच्या राउटरवर १६३८४ पैकी ९०० जोडण्या दिसतात, पिंग उत्तम, आणि तरीही बँकेचं पान उघडत नाही. राउटर बदलून काही होत नाही, प्लॅन वाढवूनही नाही. जोडण्या २०० वर आणा, डीएचटी बंद करून बघा, दोन-चार मिनिटं थांबा.

पिंपळपान

कंपन्या टॉरेंट मुद्दाम अडवतात हे कधी बोलणार? अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी खोटे रीसेट (जोडणी बंद करण्याचे संदेश) पाठवून जोडण्या तोडत असल्याचं उघड झालं, २००८ मध्ये एफसीसी या तिथल्या नियामक संस्थेने ते थांबवायला सांगितलं. इथे तपासतं कोण?

वायरमन

तुम्हीच तपासा. कुठलाही टॉरेंट नको, उबुंटूची आयएसओ (मोफत संगणक प्रणालीची फाइल) घ्या, सीडर भरपूर असतात. आधी नेहमीप्रमाणे, मग त्याच वेळी व्हीपीएनमधून (आत काय चाललंय ते कंपनीला दिसू न देणारी वाट) उतरवा. व्हीपीएनमध्ये सातत्याने जास्त वेग मिळाला तर संशयाला जागा आहे. पण अडवल्यामुळे टॉरेंट मंदावेल, घरातले कॉल तुटणार नाहीत. या धाग्यात ते मिसळू नका.

पिंपळपान

सोयीचं नसलं की ‘या धाग्यात नको’. ठीक.

रातराणी

सीजीनॅटवाल्यांनी आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू करावं. त्यात नॅटच नाही, म्हणून पोर्टचा गठ्ठाही संपत नाही. क्लायंटचा पोर्ट राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये उघडावा लागतो, फॉरवर्डिंगच्या पानावर नाही. शेंग यांना पोर्ट उघडायचाच असेल तर तिथे उघडावा.

शेवग्याची_शेंग

आयपीव्ही६ चं मान्य. बोलण्याची पद्धत मान्य नाही.

कोकणचा_फणस

अपलोडवरची मर्यादा फुकट आहे, ती आधी घालावी, इतकं मी मागे घेतो. पण एसक्यूएमचं काय? कंपनीचा डबा म्हणजे ओएनटी (फायबरचा मोडेम) आणि राउटर एकत्र, त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी चढत नाही. ब्रिज मोड (डब्यातला राउटर बंद करून लाइन थेट पुढे देणं) कंपनी देत नाही. म्हणजे वेगळा राउटर विकत घ्या. त्यापेक्षा प्लॅन वाढवलेला काय वाईट?

वायरमन

राउटरचे पैसे एकदाच जातात, प्लॅनचे दर महिन्याला. ब्रिज मोडही लागत नाही. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून आपल्या राउटरच्या वॅनमध्ये केबल टाका, घरातली सगळी यंत्रं आपल्या राउटरवर घ्या आणि ओएनटीचं वायफाय बंद करा. ते चालू राहिलं आणि एखादा टीव्ही त्यावर अडकला, तर तो एसक्यूएमला वळसा घालून जातो. डबल नॅटने (एकामागे एक दोन राउटर) कॉलला सहसा काही होत नाही. आपल्या बाजूचा पत्ता वेगळा ठेवा, १९२.१६८.५०.१ चालेल, नाहीतर दोन्हीकडे १९२.१६८.१.१ येऊन काहीच चालणार नाही. केबलच्या चारही जोड्या क्रिंप करा. दोनच लागल्या तर पोर्ट १०० वर बसतो, प्रत्यक्षात ९४ च्या आसपास मिळतात, आणि पुढे मोठा प्लॅन घेतलात तर दोष एसक्यूएमला जाईल.