शेजारच्या मेंढपाळाला काय सांगू? (लांडगे, उत्तर जर्मनी)

हायडेकरीण

नमस्कार मंडळी. ल्युनेबुर्गच्या माळाजवळ एका खेड्यात आम्ही घर घेतलंय, नोकरी हॅनोवरला. शेजारचे आजोबा हाइडश्नुके पाळतात, म्हणजे इथली करड्या लोकरीची, काळ्या तोंडाची मेंढी. ऑगस्टमध्ये जांभळ्या फुलांच्या माळाचे फोटो सगळे टाकतात ना, तो माळ या मेंढ्यांच्या तोंडामुळे टिकलाय. त्या चरल्या नाहीत तर चार-पाच वर्षांत बर्च आणि पाइन माजतात.

या वसंतात एका रात्री लांडगे आत शिरले. सकाळी मी कुंपणाशी गेले तेव्हा एक गाभण मेंढी गळा फाटलेला असताना उभी होती, आणि रवंथ करायचा प्रयत्न करत होती. मग एक अधिकारी आला, जखमेवर कापसाची काडी फिरवून डीएनएचा नमुना घेऊन गेला. निकाल येईपर्यंत कागदोपत्री तो 'कुत्राही असू शकतो'.

आता गावकरी निषेधाची होळी पेटवताहेत. ऑफिसातले, ज्यांनी जन्मात एक खुंटा ठोकला नाही, म्हणतात, "कुंपण नीट घालायला काय होतं?" गावच्या बैठकीत एकाने मलाच विचारलं, "तुमच्या देशात लांडगे कधी गेलेच नाहीत. तुम्ही काय करता?" मी कोथरूडची. काय सांगणार? कुणी खरोखर मेंढरं राखलेलं असेल तर बोला. निसर्गाचा समतोल वगैरे नको, ते मला ऑफिसात रोज ऐकायला मिळतं.

लाइपझिगकर

एक आधी स्पष्ट करतो, कारण ही अफवा तुमच्याही गावात असणारच: लांडगे कुणी आणून सोडलेले नाहीत. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातला शेवटचा लांडगा १९०४ साली मारला. पुढे पोलंडकडून ते आपले आपण आले आणि २००० साली सॅक्सनीतल्या लष्करी सराव-क्षेत्रात पिल्लं झाली. २०२३-२४च्या गणनेत देशात २०९ कळप होते. हॅनोवरजवळच २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांचा डॉली नावाचा पोनी लांडग्याने मारला, तेव्हापासून विषय ब्रसेल्सपर्यंत तापला. मार्च २०२५ पासून बर्न करारात, म्हणजे युरोपातल्या वन्यजीव-संरक्षणाच्या करारात, लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलंय. पण गोळी घालून प्रश्न सुटत नाही. १२० सेंटिमीटर उंचीची विजेची जाळी लावा, तिला अनुदानही मिळतं.

माणदेशी_मेंढका

राम राम ताई. आमी माण तालुक्यातलं, घरची मेंढरं हायत. दिवाळी झाली की वाड्यासकट, म्हंजी सगळं बिऱ्हाड घेऊन, बाहेर पडतो ते पावसाळ्याच्या तोंडाला माघारी.

जाळी आमच्याकडं बी आसती, वाघर म्हणतो. सांजच्याला मेंढरं आत घ्यायची, कोकरं डालग्याखाली. पण वाघरीला लांडगं भीत न्हाई, माणसाला भितं. म्हातारा अजून घोंगडं टाकून मेंढरातच झोपतो. लांडगं वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतं. एक म्होरं दिसतं, कुत्री त्याच्या मागं पळत्यात, आणि दुसरं मागनं कोकरू उचलतं. म्हणून सगळी कुत्री एका बाजूला बांधायची न्हाईत. आणि रातचंच येतं आसं बी न्हाई. मका उभी आसली की भर दुपारी बांधावरनं नेतं.

भरपाई आमच्याकडं बी हाय. पण पंचनाम्याला माणूस येईस्तवर मेलेलं मेंढरू हलवायचं न्हाई, आणि आमचा तळ तर उद्या म्होरल्या गावाला. कोण थांबणार? आता नादच सोडला.

खरं सांगू का, लांडग्यापायी धंदा सोडलेला मला कुणी ठावा न्हाई. माळ गेला म्हणून सोडलेलं लई हायत. कुठं चर खणून झाडं लावली, कुठं सोलर झालं. मेंढरं बी तिथंच चरायची, लांडगं बी तिथंच. तुमच्या आजोबांस्नी एवढंच इचारा, रात्री मेंढरात कोण झोपतं?

लाइपझिगकर

दादा, इथे माणूस रात्रभर ठेवायचा तर किमान वेतन द्यावं लागतं. मेंढी विकून तेवढं सुटत नाही. लोकरीला तर कातरणीचा खर्चही निघत नाही.

माणदेशी_मेंढका

आमच्यात बी सुटत न्हाई, घरचीच माणसं जागत्यात म्हणून दिसत न्हाई एवढंच. माजा पोरगा जागायला तयार न्हाई, पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो.

हायडेकरीण

विचारलं. आजोबा आधी हसले, मग म्हणाले, "माझे आजोबा झोपायचे, चाकाच्या झोपडीत. मुलगा विमा कंपनीत आहे, त्याला सांगून बघ." जाळीचे पैसे मिळालेत, पण ती दर दोन-तीन दिवसांनी उपटून पुढे रोवायची आणि तारेला गवत टेकून वीज उतरू नये म्हणून कापत राहायचं, हे सगळं ते एकटे करतात, वय सत्तरीपुढचं. आता राखणीची दोन पिरेनियन कुत्री आणलीत. ती रात्रभर भुंकतात, आणि त्याबद्दल तक्रार केलीय ती माझ्याच गल्लीतल्या नव्या घरवाल्यांनी. यातल्या दोघांच्या गाडीवर 'लांडग्यांचं स्वागत'चा स्टिकर आहे.

रविवारी त्या तक्रारवाल्यांकडे केक घेऊन जाणार आहे. राखणीच्या कुत्र्यांना भुंकण्याच्या वेळेच्या नियमातून सूट मिळते का, कुणाला नक्की माहीत असेल तर शनिवारच्या आत सांगा.