मूत्ररक्तता की रक्तमूत्रता?

पानगळ: डायलिसिसवर असलेल्यांच्या घरच्यांसाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. 'युरेमिया'पाशी गाडी अडली. मी 'मूत्ररक्तता' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला, "लघवीतून रक्त जाणे, असे सोपे लिहावे." म्हणजे नेमकं उलटं! इथे मूत्रपिंडं थकली की जी घाण लघवीवाटे जायची ती रक्तातच साठत जाते. दुसरा काही शब्द आहे का?

तात्या_वाईकर: शेरा समासात, घोळही समासाचाच. तत्पुरुषात शेवटचं पद प्रधान. रक्तमूत्रता म्हणजे रक्त उतरलेलं मूत्र, मूत्ररक्तता म्हणजे बिघडलेलं रक्त. तुमचं बरोबर आहे. ग्रीकातही 'हिमॅट्युरिया' आणि 'युरेमिया' ही त्याच दोन शब्दांची अदलाबदल. संदिग्धता नको असेल तर 'मूत्रविषरक्तता' लिहा.

सुपारी: मूत्रविषरक्तता वाचून होईपर्यंत पेशंटचे मशीनवरचे चार तास संपतील. युरेमियाच ठेवा की.

लॅबवाली: चौदा वर्षं रक्त काढतेय, नातेवाइकांच्या तोंडून दोन्ही शब्द ऐकले नाहीत. "युरिया किती आला?", "क्रिएटिनिन चढलंय", बास. पण युरियाचीही गंमत आहे. एका आजोबांचा ब्लड युरिया १८६ आला होता. साधारण ४० पर्यंत चालतो. रिपोर्ट लांब धरून बघितला आणि म्हणाले, "ताई, तीन वर्षं झाली मी शेणखतच घालतो. युरियाची गोणी घरात नाही. मग रक्तात आला कुठून?" मुलगा हसला. मला नाही हसू आलं, कारण युरिया तोच.

अर्धविराम: तोच, अगदी तोच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने १८२८ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि लघवीतल्यासारखाच निघाला. डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचा नायट्रोजन यकृत युरियात घालतं, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. आजोबांचा प्रश्न मुलाच्या हसण्यापेक्षा शहाणा होता.

आता तात्यांसाठी. युरेमिया हे नाव १८४०च्या दशकात फ्रेंच डॉक्टर पिओरी यांनी रूढ केलं, तेव्हा समजूत अशी की रक्तात मूत्रच शिरतं. शिरत वगैरे काही नाही, ती लघवी कधी तयारच झालेली नसते. शिवाय एकटा युरिया फारसा विषारीही नाही, त्याच्याबरोबर इतर बरीच द्रव्यं तुंबतात. मूळ नावच चुकीचं, आणि आपण त्याचं इमानेइतबारे भाषांतर करतोय.

तात्या_वाईकर: व्युत्पत्ती चुकीची म्हणून शब्द टाकायचे तर अर्धा कोश रिकामा होईल. आपण तरी चंद्राला शशांक म्हणताना ससा बघून येतो का?

पानगळ: मला ससा नको, एक ओळ हवी आहे. घरच्यांना काय दिसतं ते लिहायचं आहे: मळमळ, अंगाला खाज, थांबत नाही अशी उचकी, बोलता बोलता गुंगी. वॉर्डबाहेर एक मावशी म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडाला गोठ्यासारखा वास यायला लागला की मी समजते, रक्त घाण झालं." तो अमोनियाचा वास. त्या बाईंना कुठल्याच कोशाची गरज नव्हती.

सुपारी: मग 'रक्त घाण होणे' लिहा!

लॅबवाली: नको हो. त्याचा अर्थ आमच्याकडे गळवं येणं, नाहीतर त्याहून भलतंच काहीतरी. पेशंट लाजेल.

तात्या_वाईकर: आणि डायलिसिस कशाला? 'अपोहन' आहे ना. गीतेच्या १५व्या अध्यायात आहे, 'मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च'.

सुपारी: तिथे अपोहन म्हणजे विसर पडणं, तात्या. शब्दाने आपला अर्थ लगेच खरा करून दाखवला.

गोदाकाठ: उशिरा आलो. पत्रकात मूत्रपिंड लिहिताय की वृक्क? मुलीच्या पुस्तकात वृक्क आहे. आजी गुर्दा म्हणायची, पण तो मटणवाल्याकडचा. "पाव किलो कलेजी-गुर्दा द्या" म्हणणाऱ्या माणसाला "तुमचा गुर्दा गेला" कसं सांगणार?

तात्या_वाईकर: गुर्दा फारसी. वृक्क चरकात आहे.

सुपारी: कलेजी कुठली मग? आणि लॅबवालीच्या आजोबांची गोणी?

तात्या_वाईकर: गोणी थेट पाणिनीच्या सूत्रात आहे. इंग्रजांनी 'गनी बॅग' आपल्याकडून उचलली.

गोदाकाठ: आमच्याकडे युरियाची गोणी नसतेच, पोतं असतं. तेही पूर्वी ५० किलोचं होतं, आता ४५.

लॅबवाली: आजोबा गोणीच म्हणाले होते. मी समोर होते.

गोदाकाठ: मग ते नगरच्या पुढचे नसणार. गोणी तागाची, पोतं कशाचंही. विचारून बघा कुणालाही.