महत्त्वाकांक्षा कशाला आवरायची?

बर्नआउट झालेल्या, म्हणजे कामाने पार थकलेल्या बायकांना दिलेला 'झेपत नाही तर महत्त्वाकांक्षा आवरा' हा सल्ला काही पटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा संबंध कामावरच्या, नीट न हाताळलेल्या ताणाशी जोडला. त्याला आजार म्हटलं नाही. लक्षणं तीन: गळून जाणं, कामाचा तिटकारा आणि 'आपल्याला जमत नाही' असं वाटणं. या तिसऱ्याचा अर्थ आपण बायका हमखास 'अजून राबायला हवं' असा लावतो!

मी नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागात एका कंपनीत टीम सांभाळते, प्रमोशन मला हवंच आहे. सोडलं ते रात्रीचे कॉल आणि महालक्ष्म्यांचा एकटीने रांधलेला स्वयंपाक. यंदा सोळा भाज्या नि आंबील घरी, पुरणपोळ्या बाहेरून, एका बाईंकडून. सासूबाई आधी घुश्श्यात होत्या, मग जाऊबाईंना त्याच बाईंचा नंबर त्यांनीच दिला.