दोघांत कागदावर मराठी शब्दखेळ: एका घरात नेमकं काय लिहायचं?

पेन्सिलटोक
दोघांनीच कागद-पेन्सिल घेऊन मराठी शब्दांचे खेळ खेळायचे आहेत. हँगमन (एकाने मनात शब्द धरून अक्षरांची घरं आखायची, दुसऱ्याने अक्षरं विचारत ठरलेल्या चुकांच्या आत तो ओळखायचा) पहिल्याच डावात अडतं. ‘पुस्तक’ला घरं तीन आखायची की चार? ‘क’ विचारला तर ‘की’ उघडायची का? रफाराचं काय? आणि हँगमनपेक्षा जास्त डोकं लागेल असं काही आहे का?

कानामात्रा
तीन घरं: पु, स्त, क. मराठी शब्दकोड्यातला हिशेबच इथे लावा. काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर, सगळं धरून एक अक्षर एका घरात. ‘सूर्य’ला दोन, ‘आंबा’ला दोन, ‘महाराष्ट्र’ला चार.

पण विचारताना अख्खं अक्षर विचारू नका. ‘ळ’ धरून ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी म्हणजे ४०८ पर्याय, जोडाक्षरं वेगळीच. आठ चुकांत शब्द सापडणारच नाही. विचारायचं ते फक्त व्यंजन. ‘त’ विचारला की ‘पुस्तक’च्या मधल्या घरात ‘त’ लिहा आणि त्याच्या आधी अर्ध्या अक्षराची छोटी रेघ ठेवा. मात्रा हा वेगळा प्रश्न: ‘उकार आहे का?’ ऱ्हस्व-दीर्घ एकच धरा, नाहीतर निम्मा वेळ शुद्धलेखनावर जातो. शब्दाच्या सुरुवातीचा स्वरही असाच वेगळा विचारायचा.

रफार म्हणजे ‘र’च, तेव्हा ‘र’ विचारल्यावर ‘सूर्य’चं दुसरं घर अर्धं उघडतं. क्ष आणि ज्ञ मात्र स्वतंत्र अक्षरं माना. ‘ज्ञ’मधला ‘ञ’ कोणी विचारत नाही.

ओळखणाऱ्याने र, त, क, न, ल, स आधी काढावेत. शब्द देणाऱ्याला लांबलचक शब्दाचा मोह होतो, पण लांब शब्दात नेहमीची व्यंजनं जास्त, म्हणून तो लवकर फुटतो. ‘झूल’ किंवा ‘ढग’ जास्त छळतात.

आडवेउभे
डोकं लावायचं असेल तर बुल्स अँड काउज, म्हणजे गुप्त शब्द आणि दोन आकडे. मराठीत त्यासाठी आयतं साहित्य आहे: काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी शब्द. कमळ, गवत, बदक, सडक, फणस, वजन, हरण... मात्रेचा प्रश्नच उरत नाही.

दोघांनी एकेक शब्द लिहून कागद दुमडून ठेवायचा, मग आळीपाळीने अंदाज. उत्तरात पहिला आकडा जागेवर बसलेल्या अक्षरांचा, दुसरा शब्दात असलेल्या पण जागा चुकलेल्या अक्षरांचा. गुप्त शब्द ‘बदक’ समजा. ‘कमळ’ला उत्तर ०-१. ‘गवत’ला ०-०, हे उत्तर निराशेचं वाटतं, पण तीन अक्षरं कायमची बाद होतात. ‘सडक’ला १-०. आता ‘क’ शेवटी आहे असं समजून धावू नका. जागेवरचं अक्षर स किंवा ड सुद्धा असू शकतं, मग पहिल्या उत्तरातला एक ‘म’ किंवा ‘ळ’चा. पण ‘क’ शब्दात असेल तर तो शेवटीच, एवढं मात्र पक्कं.

‘कनक’सारखे अक्षर दोनदा येणारे शब्द बाद ठेवा, मोजणीत घोळ होतो. डाव संपल्यावर सगळी उत्तरं पुन्हा तपासा, एक आकडा चुकला तरी पूर्ण डाव वाया जातो. हात बसला की चार अक्षरी: सरबत, करवत, हरकत, कसरत.

पायरीपायरी
तेच शब्द शब्दशिडीला चालतात. लुईस कॅरोलने १८७७ मध्ये काढलेला हा खेळ: एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरी खरा शब्द हवा. ‘शहर’पासून ‘नगर’पर्यंत: शहर, बहर, बखर, मखर, मगर, नगर. दोघांना तीच जोडी, दहा मिनिटं, कमी पायऱ्या तो जिंकला.

‘नहर’ मान्य केला तर हीच शिडी दोन पायऱ्यांत संपते. म्हणून कोणता कोश प्रमाण ते आधीच ठरवा. विशेषनामं आणि विभक्तीची रूपं सरसकट बाद.

कानामात्रा
विभक्तीबद्दल सहमत. अनेकवचन चालेल का, तेही कागदाच्या वरच लिहून ठेवा.

आणखी एक: दोघांनी ४×४ चौकोन आखायचा, आळीपाळीने एकेक व्यंजन पुकारायचं, दोघांनीही ते आपापल्या चौकोनात कुठेही, हवी ती मात्रा लावून भरायचं. सोळा व्यंजनं झाली की आडवे-उभे शब्द मोजा: दोन अक्षरीला १, तीनला ३, चारला ६ गुण. मात्रा लिहिली की बदलायची नाही, कारण तीच मात्रा आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांना जुळवण्यातच खरा कस आहे. हा खेळ पेनने खेळा.