जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप ६० हजारांचा घ्यावा की सव्वा लाखाचा, असं तुम्ही विचारलंय म्हणून लिहितोय. माझा स्वस्तातला लॅपटॉप तिसऱ्या वर्षी बिजागरीपाशी उकलला. झाकण उघडताना कडकड वाजायचं, मग एक दिवस कोपऱ्यातलं प्लॅस्टिकच सुटून हातात आलं. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दुरुस्त करून घेतला, चार महिन्यांत पुन्हा तेच. धातूच्या मजबूत बॉडीला जास्त पैसे द्यावेत ते यासाठी.

अ‍ॅपलचा मॅकबुक एअर घेणार असाल तर रॅम (मेमरी) आत्ताच नीट ठरवा, ती नंतर वाढवता येत नाही. जुना ८ जीबीचा स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका, १६ चाच घ्या. पण आधी शाखा कोणती ते बघा! मेकॅनिकलला लागणारं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, मॅकबुकवर थेट चालत नाही. तसं असेल तर त्याच पैशांत चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा विंडोज लॅपटॉप घ्या.