पाचवीचा गटप्रकल्प: जेम्सटाऊन

प्रश्न (न्यू जर्सीतली आई):
लेकीच्या गटात चौघं. विषय जेम्सटाऊन, म्हणजे इंग्रजांनी 1607 मध्ये अमेरिकेत वसवलेलं गाव. एकाने जहाजं पटकावली, दुसऱ्याने किल्ला, तिसरीने पोकाहॉन्टस (तिथल्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची मुलगी). हिच्या वाट्याला उरलं 'जेवण'. रुसून बसलीय. काय लिहील त्यात?

उत्तर 1:
अहो ताई, खरा मसाला तिच्याकडेच आलाय! 1609-10 च्या हिवाळ्यात त्या लोकांनी आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, उंदीर, शेवटी बुटांचं चामडं. शेकडोंतले साठेक जगले. मका पिकवणारे पॉहॅटन लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, शेजारीच होते, पण त्यांच्याशी वैर. बाहेर पडलं की बाण.

उत्तर 2:
पाण्याचंही लिहायला सांगा. सुरुवातीला विहीरच नव्हती, जेम्स नदीचं भरतीने खारट झालेलं पाणी प्यायचे. आणि गंमत बघा, पुढे तंबाखूला भाव आल्यावर 1617 मध्ये गावच्या रस्त्यांतही तंबाखूच लावलेली! आमच्या आजोबांनी ऊस लावून ज्वारी विकत आणली, तसलाच प्रकार.

प्रश्नकर्ती:
घोड्यांचं वाचून दाखवलं. आता किल्लेवाला विषयाची अदलाबदल मागतोय, ही देत नाहीये.